जुन्या कॉम्प्युटरवर सिस्टीम टाकायचीय? पेनड्राइव्ह की डीव्हीडी हे आधी मशीनला विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि तेव्हापासून ओळखीपाळखीत एकच प्रश्न फिरतोय, आमचा कॉम्प्युटर आता भंगारात काढायचा का. मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडला जाऊन विचारलंत तर बरेच जण सरळ नवा घ्या म्हणून सांगतात, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते, सिक्युअर बूट लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे २०१७ नंतरचा. त्याच्या आधीचं जे काही घरात आहे ते कंपनीच्या हिशोबाने बाद.

पण ते मशीन चालू आहे ना! सोसायटीच्या ऑफिसात त्यावर मेंटेनन्सच्या पावत्या निघतायत, मंडळाचा वर्गणीचा हिशोब त्यात आहे, कुणाची मुलगी त्यावर दहावीचे व्हिडिओ बघतेय. मग लोक ठरवतात की लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकू किंवा विंडोज १० च परत स्वच्छ टाकून वर्षभर ढकलू (घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळवायची सोय आहे, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं). यूट्यूब बघून पेनड्राइव्ह बनवतात, लावतात, मशीन चालू करतात, आणि काहीच होत नाही, जुनंच विंडोज समोर येऊन उभं राहतं. बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि मग तो सीपीयू खरंच भंगारवाल्याकडे जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण अडचण मशीनमध्ये नसते, मीडिया, म्हणजे ज्यावरून सिस्टीम टाकायची तो पेनड्राइव्ह किंवा डिस्क, चुकीचा निवडलेला असतो. म्हणून फक्त तेवढ्याच विषयावर जरा सविस्तर लिहितोय.

बटण दाबल्यावर आधी काय होतं

आपण पॉवरचं बटण दाबतो तेव्हा विंडोज किंवा लिनक्स लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्राम जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. तो रॅम, कीबोर्ड, हार्डडिस्क जागेवर आहे का बघतो आणि मग सिस्टीम कुठून उचलायची ते शोधायला लागतो. या शोधण्याला बूट होणं म्हणायचं, आणि ज्या पेनड्राइव्हवरून, सीडीवरून, डीव्हीडीवरून अशी सिस्टीम उचलता येते तो बूटेबल मीडिया.

बायोस म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा जुना वॉचमन समजा. त्याच्याकडे एक रजिस्टर आहे, त्यात कोणाला कोणत्या क्रमाने आत सोडायचं ते लिहिलेलं आहे, पहिलं नाव हार्डडिस्कचं, दुसरं सीडीचं, वगैरे. पहिल्या नावाचा माणूस आला की तो त्याला सोडतो आणि पुढचं रजिस्टर वाचतच नाही. म्हणून पेनड्राइव्ह लावूनही जुनं विंडोज उघडतं, कारण हार्डडिस्कचं नाव वर आहे. आणि काही वॉचमन इतके जुने असतात की त्यांच्या रजिस्टरात पेनड्राइव्ह नावाचा रकानाच नसतो, त्यांच्यासमोर तुम्ही कितीही महागडा पेनड्राइव्ह धरा, ते ओळखणारच नाहीत.

तर आधी वॉचमन किती जुना आहे ते बघायचं, मीडियाचं नंतर.

मशीनचं वय आणि त्याला काय वाचता येतं

सीडीवरून बूट करायची पद्धत १९९५ मध्ये ठरली, फिनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून ती लिहिली होती. त्याच्या आधी फ्लॉपीशिवाय गत्यंतर नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सीडीवरून बूट होणं सगळीकडे रुळलं, त्यामुळे पेंटियम थ्रीपासून पुढचं जवळजवळ कुठलंही मशीन सीडी घेतं. पेनड्राइव्हचं तसं नाही. २००० ते २००६ च्या दरम्यानच्या मशीनमध्ये यूएसबीवरून बूट होणं म्हणजे नशिबाचा भाग, काहींच्या मेनूत यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी अशी तीन-तीन नावं दिसतात आणि त्यातलं एखादंच चालतं, कधी एकही चालत नाही. २००७-०८ नंतरच्या, म्हणजे कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या बहुतेक मशीन पेनड्राइव्ह नीट घेतात. आणि २०१२ मध्ये विंडोज ८ आलं त्या सुमारास बायोसच्या जागी यूईएफआय नावाची नवी पद्धत सर्रास आली, ती पेनड्राइव्हला चांगली सरावलेली आहे पण तिचे स्वतःचे हट्ट आहेत, ते पुढे सांगतो.

तुमच्या मशीनवर आत्ता विंडोज १० चालू असेल तर रन उघडून एमएसइन्फो३२ असं (इंग्रजी अक्षरांत, सलग) टाइप करा, जी खिडकी उघडेल त्यात बायोस मोड अशी ओळ असते. तिथे लेगसी (म्हणजे जुनी बायोसची पद्धत) लिहिलंय की यूईएफआय ते कागदावर लिहून घ्या. तिथेच प्रोसेसरचं नाव आणि रॅम किती तेही दिसतं, तेही लिहा, पुढे लागणार आहे. एक मात्र लक्षात ठेवा, लेगसी दिसलं म्हणून बोर्ड जुनाच असेल असं नाही, २०१२ ते २०१८ मधल्या अनेक मशीन दोन्ही पद्धती जाणतात आणि कोणीतरी आधी फॉरमॅट मारताना लेगसीत टाकून दिलेलं असतं.

फाइल केवढी आहे ते बघितल्याशिवाय डीव्हीडी घेऊ नका

सिस्टीम डाउनलोड केली की एकच मोठी फाइल मिळते, तिला आयएसओ म्हणतात, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एका फाइलीत. सीडीत ७०० एमबी मावतात. साध्या डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं पण कॉम्प्युटर ज्या पद्धतीने मोजतो त्या पद्धतीने ते ४.३७ च भरतं, आणि दुहेरी थराची डीव्हीडी ८.५ जीबीची, ती आता दुकानात शोधावी लागते आणि जुने राइटर ती धड राइटही करत नाहीत.

आता बघा. विंडोज ७ चं ६४ बिट (३२ बिट आणि ६४ बिट हे प्रोसेसरचे दोन प्रकार, ३२ बिट जुना) साधारण ३ जीबीचं, डीव्हीडीत आरामात बसतं. विंडोज १० ची शेवटची आवृत्ती ५ जीबीच्या वर, म्हणजे साध्या डीव्हीडीत बसतच नाही. उबंटू २४.०४ हे लिनक्सपण तसंच, ५ जीबीच्या वर. लिनक्स मिंट अजून ३ जीबीच्या आसपास आहे म्हणून ते डीव्हीडीवर जातं. अगदी हलकी लिनक्सं आहेत, अँटीएक्सची कोअर आवृत्ती किंवा पपी लिनक्सच्या काही आवृत्त्या, त्या साध्या सीडीत मावतात, आणि सीडी सोडून दुसरं काही न वाचणारं मशीन हाताशी असेल तर त्याच कामाला येतात. म्हणजे विंडोज १० टाकायचं असेल तर पेनड्राइव्ह की डीव्हीडी हा प्रश्नच उरत नाही, पेनड्राइव्हच.

पेनड्राइव्ह: पहिली पसंती, पण कसला

मला विचाराल तर ८ किंवा १६ जीबीचा, ओळखीच्या कंपनीचा, साधा यूएसबी २.० चा पेनड्राइव्ह या कामाला सगळ्यात चांगला. मायक्रोसॉफ्टच्या पेनड्राइव्ह बनवायच्या टूलला कमीत कमी ८ जीबी लागतो. १२८ जीबीचा घेऊन काही फायदा नाही, उलट काही जुने बायोस मोठा ड्राइव्ह बघून अडकतात, नुसती रेघ लुकलुकत राहते. आणि तो फक्त या कामासाठी ठेवा, कारण बूटेबल बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी वापरू नका.

स्टेशनबाहेर फुटपाथवर किंवा ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत १ टीबी, २ टीबी लिहिलेले पेनड्राइव्ह मिळतात ते अजिबात घेऊ नका. आतली चिप लहान असते आणि कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतो, जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. याचा त्रास असा की पेनड्राइव्ह बनतो, बूटपण होतो, आणि इन्स्टॉल अर्ध्यावर आलं की कुठलीतरी फाइल वाचता येत नाही म्हणून थांबतं, आणि तुम्ही दोष हार्डडिस्कला देत बसता. संशय असेल तर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं टूल आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं.

आता बनवायचा कसा. आयएसओ फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केली तर ती बूट होत नाही, ती खास टूलने उतरवावी लागते. विंडोजवर रूफस हे फुकट टूल सगळ्यात भरवशाचं. त्यात एक खाना नीट भरायचा असतो. मशीन लेगसी असेल तर पार्टिशन स्कीम एमबीआर निवडा, यूईएफआय असेल तर जीपीटी. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कच्या सुरुवातीला भागांची यादी लिहायच्या दोन पद्धती, एक जुनी एक नवी, जुन्या बायोसला बूट करायला जुनीच लागते. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ नव्या लॅपटॉपवर बनवलेले असतात म्हणून त्यात जीपीटी दाखवतात, आपण तेच करतो, आणि कोअर टू ड्युओ त्याकडे ढुंकूनही बघत नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे असं माझं स्पष्ट मत आहे. रूफसच्या जास्तीच्या पर्यायांमध्ये जुन्या बायोससाठीच्या दुरुस्त्या घालायची एक खूणपण असते, फार जुनं मशीन असेल तर ती टिक करा. आणि पेनड्राइव्ह बनवायला हाताशी विंडोज ७ चंच मशीन असेल तर रूफसची ३.२२ ही आवृत्ती शोधा, त्यानंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत.

अजून एक गाठ आहे. यूईएफआयवाल्या मशीन हमखास वाचतात ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. विंडोजच्या आयएसओत एक फाइल बऱ्याचदा त्याहून मोठी निघते. रूफस यावर आपला आपण तोडगा काढतो, मायक्रोसॉफ्टचं टूल ती फाइल दाबून लहान करून देतं, पण कोणी हाताने फाइली कॉपी करायला गेलं की तिथे अडकतं.

व्हेंटॉय नावाचं दुसरं टूल आहे, ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की नंतर कितीही आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या आणि सुरू होताना यादीतून निवडायची. चार-पाच प्रकारच्या मशीन हाताळणाऱ्याला हे फार सोयीचं. पण अगदी जुन्या एकाच मशीनसाठी मी रूफसने साधा एका सिस्टीमचा पेनड्राइव्ह बनवणं पसंत करेन, मध्ये जेवढ्या कमी गोष्टी तेवढं बरं.

"पेनड्राइव्ह नीट बनवलाय, तरी दिसत नाही"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, म्हणून इथे जरा थांबतो.

एका मंडळाच्या ऑफिसातलं मशीन डोळ्यासमोर आणा, जी३१ चिपसेटचा बोर्ड, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, वर धुळीचा थर आणि कॅबिनेटच्या कडेला गणपतीचा स्टिकर. पेनड्राइव्ह लावला, मशीन चालू केलं, एफ१२ दाबून बूट मेनू आणला. यादीत यूएसबी-एचडीडी दिसतंय, ते निवडलं, एंटर, आणि परत जुनं विंडोज. आता त्याच यादीत हार्डडिस्क या ओळीवर जा आणि एंटर मारा, खाली अजून एक छोटी यादी उघडते, त्यात एक ओळ खऱ्या हार्डडिस्कची आणि दुसऱ्या ओळीत पेनड्राइव्हच्या कंपनीचं नाव. त्यावर एंटर मारलं की निळा-काळा स्क्रीन येतो आणि इन्स्टॉलर सुरू! त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर बायोस पेनड्राइव्हला हार्डडिस्क समजून त्याच घरात टाकतो, ज्याला हे माहीत नाही तो यूएसबीच्या नावांशी झगडत बसतो. आणि पेनड्राइव्ह मशीन बंद असतानाच लावायचा, चालू झाल्यावर लावला तर त्या फेरीत तो यादीत येत नाही.

बूट मेनूची बटणं कंपनीप्रमाणे बदलतात. डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटला सहसा एफ१२, एचपीला एफ९ किंवा आधी एस्केप, असूसच्या बोर्डांना एफ८ आणि त्यांच्या लॅपटॉपना एस्केप, एमएसआयला एफ११. एसरच्या लॅपटॉपमध्ये एफ१२ असतं पण ते बऱ्याचदा बंद करून ठेवलेलं असतं, एफ२ ने सेटिंगमध्ये जाऊन ते आधी चालू करावं लागतं. बटण एकदा दाबून धरू नका, चालू केल्याबरोबर टकटक दाबत राहा.

पोर्टही महत्त्वाचा. डेस्कटॉपच्या पुढचे पोर्ट आतल्या वायरने जोडलेले असतात आणि वर्षानुवर्षांत ढिले होतात, म्हणून मागच्या बाजूला, थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा. निळ्या जिभेचा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०, विंडोज ७ टाकत असाल तर तो टाळा, कारण विंडोज ७ च्या इन्स्टॉलरमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही. मग काय होतं, पेनड्राइव्हवरून सुरू तर होतं पण पुढे सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर सापडत नाही असा चक्रावून टाकणारा मेसेज येतो, डीव्हीडी लावलेलीच नसते तरी.

यूईएफआयवाल्या मशीनवर सिक्युअर बूट आड येतं, तिथे वॉचमन नुसतं नाव बघत नाही तर सहीशिक्क्याचं ओळखपत्र मागतो. उबंटू, मिंट, डेबियन यांच्याकडे ते आहे, बऱ्याच छोट्या लिनक्सकडे नाही, मग सेटिंगमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा आणि असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी जुनं विंडोज ४८ आकडी नंबर मागत बसेल. २०१३-१४ च्या सुमाराचे काही स्वस्त ॲटम टॅबलेट-लॅपटॉप तर अजून वेगळे, प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय ३२ बिट, त्यांना दोन्हीची सोय असलेली आयएसओ मुद्दाम शोधावी लागते.

आणि बोर्डावरचा सेल. सीआर२०३२, नाण्याएवढा, ३ व्होल्टचा. तो गेलेला असेल तर तुम्ही बदललेला क्रम मशीन बंद करताच विसरला जातो आणि तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते. चुकीच्या तारखेमुळे नवी सिस्टीम टाकल्यावर वेबसाइट उघडत नाहीत, सर्टिफिकेट चुकीचं आहे म्हणते, आणि माणूस समजतो लिनक्स खराब आहे. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे हा सेल मिळतो, दहा वर्षांवरच्या मशीनला हात घालताना तो आधी बदला.

डीव्हीडी अजून कधी कामाची

ज्या मशीनचा बायोस पेनड्राइव्ह ओळखतच नाही तिथे. किंवा ज्याचे यूएसबी पोर्ट १.१ चे आहेत तिथे, त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम १ एमबी, म्हणजे ३ जीबी वाचायला तासाच्या आसपास जातो, त्यापेक्षा १६एक्सचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला २० एमबीच्या आसपासपर्यंत जातो.

राइट करताना बर्न इमेज हाच पर्याय निवडा. फाइल म्हणून डेटा डीव्हीडीत टाकलीत तर उघडल्यावर आत एकटी आयएसओ फाइल दिसेल आणि ती डिस्क बूट होणार नाही. वेग कमी ठेवा, ४एक्स-८एक्स, आणि शेवटी व्हेरिफायची टिक ठेवा. आपल्या मुंबईच्या हवेत जुन्या कोऱ्या डिस्कांचा फार भरवसा धरू नका, चार पावसाळे कपाटात काढलेल्या डिस्कवर पांढुरके डाग दिसले तर ती बाजूलाच ठेवा. ड्राइव्हच्या लेन्सवरही धूळ आणि बुरशी बसते, डिस्क टाकल्यावर घुंईऽ करून वेग घेतो, थांबतो, परत घेतो, परत थांबतो, असा आवाज आला की समजायचं त्याला वाचता येत नाहीये. तेव्हा दुसरी डिस्क राइट करण्याआधी तीच डिस्क दुसऱ्या मशीनवर लावून बघा, म्हणजे डिस्क खराब की ड्राइव्ह ते कळतं. फार जुन्या सीडी ड्राइव्हला परत लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू वाचायला जड जाते, तिथे साधी सीडी-आर वापरा.

एक छान मधला मार्ग आहे. प्लॉप बूट मॅनेजर नावाचा लहानसा प्रोग्राम सीडीवर राइट करता येतो. मशीन सीडीवरून सुरू होतं, प्लॉप स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर घेऊन येतो आणि बायोसला न दिसणारा पेनड्राइव्ह त्याला दिसतो. पेंटियम फोरच्या काळातल्या मशीनसाठी हे मोठं वरदान आहे, सगळ्याच बोर्डांवर चालेल याची हमी नाही पण एका सीडीच्या किमतीत करून बघण्यासारखं नक्कीच.

"मला एक्सपीच हवंय, माझं जुनं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं"

गिरगाव-दादरकडच्या छोट्या प्रेसवाल्यांचा हा खरा प्रश्न आहे आणि त्याला हसण्यासारखं काही नाही. पेजमेकरच्या जुन्या फाइली, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर, पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या पोर्टला) लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही असं लॉक, हे सगळं नव्या सिस्टीमवर सरळ जात नाही. एक्सपीच्या बाबतीत मात्र माझा सल्ला उलटा आहे, तिथे मूळ सीडीच वापरा. एक्सपी पेनड्राइव्हवरून टाकण्याच्या युक्त्या आहेत पण ते इन्स्टॉलर सीडीच गृहीत धरून बनवलेलं आहे, अर्ध्या वाटेत फाइल सापडत नाही म्हणतं. सीडीवरून सुरू करूनही ०x७बी आकड्याचा निळा स्क्रीन आला तर बायोसमध्ये साटाची (हार्डडिस्क जोडायच्या पद्धतीची) सेटिंग एएचसीआयवरून आयडीईवर आणा, कारण मूळ एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर नाही. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, तेव्हा त्या मशीनला इंटरनेटची वायर लावू नका, काम पेनड्राइव्हने ने-आण करा.

"एवढं करतोच आहे तर विंडोज ११ च टाकू की"

तपासण्या चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या फिरतात आणि रूफसमध्येही तसा पर्याय आहे. पण २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई४.२ या आज्ञा असाव्याच लागतात, त्या कोअर टू ड्युओत नाहीत, म्हणजे तिथे कितीही युक्ती केली तरी ते सुरूच होणार नाही. पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या आय३-आय५ वर सुरू होईल, पण पुढचे मोठे अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट म्हणत नाही. ऑफिसच्या हिशोबाचं मशीन अशा टांगत्या अवस्थेत ठेवू नये असं मला वाटतं. ४ जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, २ जीबी असेल तर अँटीएक्स किंवा एमएक्स, आणि प्रोसेसर ३२ बिट असेल तर शोध अजून अरुंद होतो, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून त्यांनी ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं, मग डेबियन १२ किंवा त्यावर आधारलेल्या सिस्टीम बघायच्या. जमलं तर जुनी हार्डडिस्क काढून छोटी साटा एसएसडी बसवा, फरक स्वतः बघाल.

"दुकानवाला पाच मिनिटांत टाकून देतो, मग हा खटाटोप कशाला"

देतो, आणि चांगले प्रामाणिक कारागीर भरपूर आहेत. पण त्याच्या पेनड्राइव्हवर कुठली आयएसओ आहे, ती कुठून आली, त्यात क्रॅकच्या नावाखाली काय घातलंय हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता. स्वतः आयएसओ घ्यायची तर मायक्रोसॉफ्टच्या किंवा त्या त्या लिनक्सच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. लिनक्सच्या साइटवर फाइलसोबत शा-२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो, फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो काढता येतो, साइटवरच्याशी जुळला की डाउनलोड धड झालंय. नेट मध्येच तुटून फाइल अर्धवट आली असेल तर इथेच कळतं.

यूएसबी नाही, डीव्हीडी नाही, आता?

हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, तिथे लिनक्स टाकायचं आणि परत आणून बसवायची. लिनक्स हे निमूट सहन करतं, विंडोज, विशेषतः जुनं, बऱ्याचदा निळा स्क्रीन देतं. दुसऱ्या मशीनवर करताना त्या मशीनची स्वतःची डिस्क काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर टाकलं जाणार नाही. नेटवर्कवरून बूट करायची पीएक्सई ही सोयही जुन्या मशीनमध्ये असते, शाळेच्या लॅबमधल्या वीस-तीस मशीनना ती उत्तम, घरच्या एका मशीनसाठी मात्र तेवढी मांडामांड कोणी करू नये.

टाकायच्या आधी आणि टाकताना

डेटा दुसऱ्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती हार्डडिस्क मशीनपासून काढून ठेवा. डेस्कटॉपवरच्या फाइली आणि डाउनलोडचं फोल्डर लोक विसरतात, टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरला आहे हे तर कोणालाच माहीत नसतं, ते आधी शोधा. कॉपी झाल्यावर दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

लिनक्सच्या बहुतेक पेनड्राइव्हवर न टाकता चालवून बघायची सोय असते. तिथे गडबड करू नका, अर्धा तास द्या. वायफाय जोडून बघा, आवाज येतो का बघा, ऑफिसचा प्रिंटर लावून एक पान काढा, मराठी कीबोर्ड चालू करून चार ओळी टाइप करा. वायफाय दिसलं नाही तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, मग ड्रायव्हर उतरवता येतो. हे सगळं चाललं तरच डिस्कवर टाका, नाहीतर दुसऱ्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह बनवून तीच परीक्षा परत घ्या.

आणि इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा रीस्टार्ट होतं तेव्हा पेनड्राइव्ह काढून घ्या. क्रमात तो वर ठेवला असेल आणि तसाच राहिला तर मशीन परत त्याच्यावरूनच सुरू होतं, पुन्हा भाषा निवडा, पुन्हा पुढे जा असं विचारायला लागतं, आणि झालेलं काम झालंच नाही असं वाटून लोक पुन्हा पहिल्यापासून टाकायला घेतात. लिनक्स स्वतःच काढा म्हणून सांगून एंटरची वाट बघतं, विंडोज सांगत नाही, तिथे फाइली कॉपी होऊन स्क्रीन पहिल्यांदा काळा झाला की लगेच काढायचा.